फ्रीजरातले अठरा डबे

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून फ्रीजर भरला. बरोबर केलेलं आमचं ते शेवटचं काम. बायको शनिवारच्या विमानाने ओमानहून गावी निघणार होती, रत्नागिरीकडे, भावाच्या मुलीच्या लग्नाला. तीन आठवडे राहणार होती. मी जाणार नव्हतो. माझे गुडघे गेलेत, आणि लग्नात म्हाताऱ्याला एका खुर्चीत बसवून सगळे विसरतात, ते मला सोसत नाही.

तीन आठवड्यांचे एकवीस दिवस. त्यातले तीन शुक्रवार मी सीबला मुलाकडे जेवणार. राहिले अठरा, म्हणून अठरा डबे. ती ओट्यापाशी उभी राहून पळीने डबे भरत होती आणि मी टेबलाशी बसून चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर नावं लिहीत होतो. तिला कुराण वाचता यायचं, पण मराठी लिहिता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, म्हणजे घरातला विद्वान मीच.

"लिवा, कोलंबी."

"लिवली."

"तारीख घाला."

"तारीख कशाला? मी काय दुकान मांडलंय?"

"जलमभर तारखा बगून लोकांचा माल उतरवलात. बायकोच्या डब्यावर एक तारीख घालायला हात दुकतो काय?"

घातली तारीख. अठरा वेळा घातली. कोलंबी झाली, बांगड्याचं कालवण झालं, खिमा, मटण, चवळी, डाळ. मी डबा बाहेरून पुसून तिच्या हातात द्यायचा आणि तिने फ्रीजरात रचायचा. शेवटचा डबा काही बसेना. तिने बर्फाचा ट्रे उपटून सिंकमध्ये टाकला आणि त्याच्या जागी डबा कोंबला.

"सकाळी उठल्याबरोबर एक काडून भायेर ठेवायचा," ती म्हणाली. "दुपारपावेतो सुटतो. दगडासारका तसाच गॅसवर चडवू नका."

"मला शिकवू नको. तीस वर्सं फ्रीजर गाडी चालवलीय मी."

"चालवलात. खाल्लात कुटं?"

मी ऐकलं नाही असं दाखवून कात्री जागेवर ठेवली.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती तांदूळ निवडताना स्टुलावरून एका बाजूला कलली. मी समोरच बसलो होतो. मला वाटलं काहीतरी खाली पडलं ते उचलतेय. हॉस्पिटलात पोचेपर्यंत खलास. हार्ट, असं डॉक्टर म्हणाला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला. आमच्यात मय्यत थांबवत नाहीत. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर उचलली आणि सूर्य बुडायच्या आत मातीला लावून आलो. सकाळी चहा गाळणारी बाई संध्याकाळी घरात नाही. एवढ्या घाईने तर आम्ही कधी बाजारातूनही परत आलो नव्हतो.

हमरियातल्या आमच्या घरी परत आलो तर फ्रीजर घरघरत होता. आत अठरा डबे, माझ्या अक्षरातले. मला दुसरं काही सुचेना, फक्त एवढंच की यांचं आता काय करायचं. कारण तिच्या फ्रीजरातला एकही डबा मी जन्मात खाल्लेला नव्हता. आणि हे तिला कधी सांगितलं नव्हतं. उलट प्रत्येक वेळी खाल्ला म्हणूनच सांगत आलो होतो.

तर आधी फ्रीजरातल्या जेवणाबद्दल मला काय वाटतं ते लिहितो. मी ते इतकं पाहिलंय की कोणी मला त्यातलं शहाणपण शिकवू नये.

आमच्या गावात माझ्या लहानपणी बर्फ यायचा तो होड्यांसाठी. लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या यायच्या, बंदरावर टोच्याने फोडायच्या. तुकडे उडायचे ते आम्ही पोरं उचलून चोखायचो. भुसा तोंडात, माशाचा वास तोंडात, तरी चोखायचो. जेवण बर्फात ठेवतात हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. पावसाळ्याची तयारी म्हणजे मीठ आणि ऊन. खारे बांगडे, सोडे, सुकट. घराला वास यायचा, पाहुणे नाकाला पदर लावायचे, पण ते खाल्लेलं खरं जेवण असायचं. दाताला कळायचं की मासा आहे.

मग मी इकडे ओमानला आलो. एका फूड कंपनीच्या फ्रीजर गाडीवर आधी हमाल, मग ड्रायव्हर. रुवीच्या गोदामातून माल भरायचा आणि सीब, बरका, सुवैक, खाबुरा असं किनाऱ्याने वर जायचं, कोल्ड स्टोअरवाल्यांना माल देत. इकडे किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, मग आत कोल्ड काही असो नसो. सुरुवातीला माल म्हणजे फक्त कोंबड्या. परदेशातून यायच्या, डोकं नाही, पाय नाहीत, पिशवीत बांधलेल्या, धोंड्यासारख्या कडक. एकदा एक पायावर पडली तर अंगठ्याचं नख गेलं. समुद्र समोर, ताजा मासा वाळूवर फडफडतोय, आणि लोक रांग लावून ते धोंडे घेऊन जायचे. मला तेव्हाच कळलं की माणसाला थंडगार खोक्यातून काही काढून दिलं की ते त्याला भारी वाटतं.

कोंबड्यांनंतर वाटाणे आले, मग बर्गरच्या चकत्या. मग एक दिवस चपटी खोकी आली, वर चकचकीत फोटो. आत ॲल्युमिनियमची ताटली, तिला तीन खण. एका खणात मांसाचा काप आणि तपकिरी पाणी, दुसऱ्यात बटाट्याचा लगदा, तिसऱ्यात वाटाणे. अख्खं जेवण. ओव्हनमध्ये ढकललं की झालं. आधी ते गोऱ्या इंजिनेरांसाठी असायचं, जे बायको न आणता यायचे. ते बघून मला त्या गोऱ्यांची कीव आली. एवढा पगार, आणि रोज संध्याकाळी आजाऱ्याचं ताट.

आणि आता? आता फ्रोझन पराठा, फ्रोझन समोसा, फ्रोझन इडली. परवा सुनेने फ्रोझन पुरणपोळी आणली, शेजारच्या पुण्याच्या बाईने सांगितली म्हणून. मी विचारलं, हिला गोठवायला नेलंच कशाला, ही तर बाहेर राहते. त्यावर सून म्हणाली, "बाबा, सोय असते." या एका शब्दाने माणसांची जीभ मेली. ज्याला त्याला सोय हवी. आता मेल्यावरच जेवायची सोय करा म्हणजे झालं.

माझी चीड उगाच नाही. एका ऑगस्टमध्ये खाबुऱ्याच्या अलीकडे माझ्या गाडीचा कॉम्प्रेसर बसला. बाहेर ऊन असं की स्टिअरिंगला फडकं गुंडाळून धरायचं. मदत येईपर्यंत दिवस गेला. मागच्या दारातून पाणी गळायला लागलं, आधी पांढरं, मग गुलाबी. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हातारा ओमानी, सरळ माणूस. तो स्वतः आला, दार उघडायला लावलं, एकदा वास घेतला आणि म्हणाला, "खलास. सगळं फेक." नगरपालिकेचा माणूस उभा राहिला आणि मी कचऱ्याच्या मैदानात एकेक खोकं फोडून ओतलं. ती तीन खणांची जेवणं शेकड्याने पडली होती, लगदा, वाटाणे, तपकिरी पाणी, सगळं एकात एक. खोक्यावरच्या फोटोतली बाई हसतेय. आठ दिवस माझ्या हाताचा वास गेला नाही. साबण, लिंबू, राख, सगळं लावलं. त्या दिवसापासून फ्रीजरातून निघालेलं काहीही माझ्या तोंडात गेलं नाही. शपथ नव्हती घेतली. जाईचना.

पण तोंडात माझ्या गेलं नाही, पोरांच्या गेलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. खोकं चेपलं, कोपरा फाटला की दुकानदार घेत नसे. तारीख शिल्लक असलेला तसला माल कंपनी आम्हाला घरी न्यायला द्यायची. फुकट कोण सोडतो? मी गुरुवारी संध्याकाळी न्यायचो, तेव्हा पोरांच्या शाळेला सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. मुलगा आणि मुलगी दारातच उडी मारून खोकी ओढून घ्यायची. टीव्हीसमोर बसायची, मांडीवर ती गरम ताटली, आणि काट्याने, बरं का, काट्याने वाटाणे टोचून खायची. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापतेय आणि तिची पोरं तिकडे लगदा चाटतायत. ती मला म्हणायची, "तुमी खात नाय ते पोरांना कशाला घालताव?" मी म्हणायचो, "पोरांना आवडतं." ती गप्प बसायची. तिच्या गप्प बसण्यावर माझा संसार चालला.

आता उन्हाळ्याचं सांगतो, म्हणजे डब्यांचं. इकडे आमच्या लोकांत रीतच आहे. जूनमध्ये शाळा सुटली की बायका पोरांना घेऊन दोन महिने गावी जातात आणि नवरे इथे कामावर राहतात. जायच्या आधी आठ दिवस प्रत्येक घरात एकच वास, तळणाचा आणि मसाल्याचा. नवऱ्यासाठी फ्रीजर भरायचा. ज्या बाईचा फ्रीजर भरलेला नाही ती बाईच नाही. जिन्यात बायका एकमेकींना विचारायच्या, "किती डबे केलेस गो?" जणू लेकीचे दागिने विचारतायत. नवऱ्याला काय हवं हे कोणी विचारत नव्हतं.

पहिल्या उन्हाळ्यात मी खरंच एक डबा काढला होता. कामावरून आलो, आंघोळ केली, डबा गरम केला, ताट घेऊन बसलो. मटण होतं. समोर पोरांच्या चपला पडलेल्या. पहिला घास उचलला आणि नाकात तो मैदानातला वास आला. का एकटाच बसलो होतो म्हणून तोंडात जाईना, देव जाणे. मी ताट झाकलं आणि खालच्या मजल्यावर गेलो. तिथे एका खोलीत सात-आठ माणसं राहायची, सगळी बायका-पोरं गावी ठेवून आलेली, कोणी बिहारचा, कोणी आमच्या कोकणातला, कोणी बंगालचा. त्यांना म्हटलं, "घरवाली ने ज़्यादा बना दिया है." त्यांनी डबा असा पुसून खाल्ला की मलाच लाज वाटली. मग मी कोपऱ्यावरच्या मलबारी हॉटेलात जाऊन भात-आमटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. साऱ्या उन्हाळ्यात तेच.

फोनवर ती विचारायची, "आज कुटला काडलात?" मी म्हणायचो, "खिमा." "कसा झालाय?" "एक नंबर." खोटं बोलायला काय लागतं, जीभ तर आपलीच. ती खूश, खालची माणसं खूश, मलबारी खूश. पोरं मोठी झाली, मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली, मुलगा सीबला राहायला गेला, तरी बायको गावी गेली की डबे होतेच. मला एक कळत नव्हतं, डबे वर्षावर्षाला वाढत कसे गेले. एक माणूस, तोही म्हातारा होत चाललेला, आणि डब्यांत मटण इतकं की तिघांना पुरेल. मी म्हणायचो, हात सुटलाय हिचा. म्हातारपणी बायकांना अंदाज राहत नाही.

तर पुन्हा त्या गुरुवारावर येतो. मय्यतीच्या घरी आमच्यात तीन दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारपाजार जेवण आणतो. चांगली रीत आहे. पण आता शेजारही सोयीचा झालाय. पहिल्या दिवशी कोणीतरी बिर्याणीचं पातेलं आणलं, ते ठीक. दुसऱ्या दिवशी एका घरून समोसे आले, चावताक्षणी कळलं, कारखान्याचे. एका बाईने तर चिकन नगेट्स आणले, मोठ्या ताटात रचून, मधोमध सॉसची वाटी. मय्यतीच्या घरी नगेट्स! मी ताट सरकवून दिलं. ती म्हणाली, "अंकल, थोडं तरी खा." मी म्हटलं, "बाय, ज्या माणसाने हे तीस वर्षं वाहिलंय त्याला हे वाढू नको." तिला बिचारीला काही कळलं नाही. सून मला डोळ्यांनी दटावत होती.

तिसऱ्या दिवशी कबरीवर जाऊन जियारत झाली, दुवा झाली. अस्रनंतर चार माणसं बसली होती, मुलाचे ऑफिसातले. बोलायला विषय नसला की माणसं खाण्यावर येतात. नात, बारा वर्षांची, माझ्या शेजारी बसून फोन बघत होती. आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. ती म्हणाली, "दादा, हे बघ, हे फ्रोझन डिनरचं हिस्ट्री आहे. मराठीत सांगू?"

"सांग."

"अमेरिकामध्ये एक कंपनी होता. त्यांच्याकडे टर्की, ते मोठं कोंबडीसारखं, ते खूप उरला. सणाचं. मग ते कुठे ठेवायचं? ते ट्रेनमध्ये फिरवत राहिले. मग कोणीतरी म्हणाला, विमानात असतो तसा ट्रे घेऊ, त्यात भरू आणि विकू. आणि लोक टीव्ही बघताना खाणार."

"म्हणजे उरलेलं खपवलं," मी म्हटलं.

"हो. पण इट इज फेमस, दादा."

"उरलेलं फेमस झालं. वा."

सगळे हसले. मग मुलगा सुरू झाला. त्याचा आवाज भरून आला होता, आईसाठीच आला असेल, पण गेला भलतीकडे. तो त्या माणसांना सांगायला लागला की आमचं लहानपण म्हणजे गुरुवारची संध्याकाळ, बाबांची गाडी, ती तीन खणांची ताटली, बटाटा मधे थंड आणि कडेला जळलेला, ताई आणि मी वाटाण्यांवरून भांडायचो. "ती चव आता कुठेच मिळत नाही," तो म्हणाला. दुसरा एक जण मान हलवत म्हणाला, त्याच्याही लहानपणी दुबईत तेच. दोन चाळिशीचे बाप्ये, डोळ्यांत पाणी, कशासाठी तर कंपनीच्या लगद्यासाठी.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझी आई जाऊन तीन दिवस झाले. तिच्या हातची एक चव आठवली नाही तुला? चेपलेली खोकी आठवली?"

माणसं चपला शोधायला लागली. ती गेल्यावर मुलगा दार लावून आत आला. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. सरळ जाऊन फ्रीजरचं दार उघडलं.

"उद्या सकाळी तुमाला सीबला न्यायला येतो. हे घर सोडायचंय. हे डबे कोण खानार?"

"मी बघेन त्यांचं."

"बाबा, तुमी खात नाय. आमाला सगळ्यांना म्हाईत हाय."

सून नातीला घेऊन आतल्या खोलीत गेली.

"तुमी आमाला कंपनीचं खायला घातलंत," तो म्हणाला, "आनि माच्या हातचं खालच्या खोलीत दिलंत. मग आमी काय आठवायचं?" आईला तो मा म्हणतो.

"तुला कोणी सांगितलं?"

"मा बोलली."

मी म्हटलं, खोटं. तिला कसं कळणार?

तेव्हा तो स्टुलावर बसला आणि त्याने सांगितलं. तो दहा वर्षांचा असताना, गावी, तिने त्याला फोनजवळ उभं केलं होतं. जाण्याआधी एका डब्यातल्या मटणात तिने मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. लाल झाकणाचा डबा, तो पहिला खावा, असं मला बजावून गेली होती. फोनवर तिने विचारलं, लाल झाकणाचा खाल्लात? मी म्हटलं, खाल्ला. मीठ कसं झालंय? मी म्हटलं, मीठ अगदी बरोबर. तिने फोन ठेवला आणि उंबऱ्यावर बसून इतकी हसली की आजी धावत आली, हिला काय झालं म्हणून.

"आनि डबे," मुलगा म्हणाला. "ती परत यायची तेवा डबे चकचकीत घासलेले असायचे. मा म्हनायची, तुज्या बापाने जलमात डबा घासलेला नाय. एकदा तिला आपल्या डब्याचं झाकन खालच्या खोलीच्या दाराशी मिळालं."

"मग बोलली का नाही?"

"मी पन विचारलं. म्हनाली, सांगू नको, लाजंल. आनि लाजला की देनं बंद करंल. मग ती खालची मानसं कुनाच्या हातचं खातील?"

म्हणून डबे वाढले होते. म्हणून मटण तिघांना पुरेल इतकं. ती मला डबे करत नव्हतीच. म्हणजे करत होती, पण माझ्या पलीकडच्या माणसांना करत होती आणि मधे मी होतो, पोचवणारा. तीस वर्षं कंपनीचा माल पोचवला आणि तेवढीच वर्षं बायकोचा, आणि दुसऱ्याचा मला पत्ता नाही. मूर्ख कोण ते मला कळलं. आजवर मी लोकांना सांगत होतो की माझ्या जिभेला सगळं कळतं.

मुलगा जाताना म्हणाला, "उद्या नऊला येतो. कपडे भरून ठेवा." मी हो म्हटलं.

पहाटे फजरची नमाज पढून मी फ्रीजर उघडला. पुढचाच डबा काढला. कोलंबी, आणि खाली माझ्या हाताने घातलेली बुधवारची तारीख. ओट्यावर ठेवला आणि समोर स्टुलावर बसलो. तिने सांगितलेलं, दुपारपावेतो सुटतो. दुपारपर्यंत कोण बसतो? सात वाजेपर्यंत बसलो. डब्याच्या अंगावर पाणी धरलं, ते ओट्यावरून खाली ओघळलं, ते मी पायानेच पुसलं. मग सुरीने कडा सोडवून तो गोळा तसाच टोपात टाकून गॅसवर चढवला. व्हायचं तेच झालं. बुडाला लागलं आणि मधे बर्फ. पळीने फोडत बसलो.

तीन दिवसांनी घरात गॅस पेटला होता. मी टोपातूनच खाल्लं, उभ्याने, कालच्या पावाबरोबर. खोटं बोलायची सवय आता सोडायची आहे म्हणून लिहितो: चांगलं लागलं नाही. गोठवलेल्या कोलंबीला रबरासारखा चिवटपणा येतो तो आला होता, खोबऱ्याचं पाणी सुटलेलं, आणि करपल्याचा वास होता. त्या ताज्या कोलंबीचं तिने हे काय केलं आणि मी काय केलं! मैदानातला वास आला का? आला. पण थोडा वेळच. मी सगळं खाल्लं. करपलेलं पळीने खरवडून खाल्लं. मग डबा घासला. तेल जाईना, दोनदा घासला, तरी चकचकीत काही झाला नाही.

मग नऊ डबे पिशवीत घालून खाली गेलो. जिन्यात तीनदा बसावं लागलं. खोलीतली माणसं आता वेगळी आहेत, पण एक बिहारी शिंपी जुना आहे, माझ्याइतकाच म्हातारा. त्याने तिच्या मय्यतीला खांदा दिला होता. त्याने पिशवीत बघितलं आणि मागे सरकला.

"चाचा, ये तो चाची ने आपके लिए बनाया था. ये आप रखो."

"नहीं. उसको मालूम था कौन खाता है."

"चाची को मालूम था?"

"शुरू से."

"या अल्ला," तो म्हणाला, आणि पिशवी दोन्ही हातांनी घेतली. "तभी हर साल मिर्ची थोड़ा कम होता गया. हम लोग से इतना तीखा चलता नहीं था ना."

ते मला माहीत नव्हतं. मी वर आलो.

नऊ वाजता मुलाचा फोन, खाली गाडीत होता. "बाबा, निगालात काय? बॅग घ्यायला वर येव?"

"बॅग भरली नाय."

"मग किती येळ?"

"आठ दिवस," मी म्हटलं. "अजून आठ डबे आहेत. वर ये, पण नगेट्स आणू नको."

तो वर आला. मी खिम्याचा डबा काढून ओट्यावर ठेवला, या वेळी दुपारपर्यंत सुटू देण्यासाठी, आणि चहा टाकला.